शपथेने बांधलेला देव : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे देवाच्या कराराविषयी आहेत. तिन्ही लिहिणाऱ्यांची परिस्थिती वेगळी असली तरी विचारणा एकच आहे : देवाने दिलेला शब्द खरोखर टिकतो का, आणि टिकतो तर तो कसा ओळखावा? म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : ख्रिस्तात सप्रेम सलाम. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत माझ्या यजमानांनी वर्षाच्या वचनाची चिठ्ठी उचलली, तेव्हा तिच्यावर यिर्मया २९:११ हे वचन होते : तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. त्याच्या थोडे आधीच त्यांना कर्करोग असल्याचे निदान झाले होते. आम्ही ते वचन भिंतीवर लावले आणि रोज रात्री एकत्र म्हणत राहिलो. पावसाळ्यात ते गेले व शिवडीला त्यांचे दफन झाले. आमच्या प्रार्थनागटातील काही जण आता म्हणतात की देव करार मोडत नाही, तेव्हा विश्वास तुमचाच कमी पडला असणार. माझा मुलगा उलट विचारतो की देवाने शब्द पाळला नाही, मग त्याला विश्वासू का म्हणायचे? मी दोघांनाही उत्तर देऊ शकत नाही.
— एक भगिनी, परळ

उत्तर : भगिनी, प्रथम तुमच्यावर ठेवलेल्या दोषाविषयी लिहितो, कारण तो अन्यायाचा आहे. प्रेषित पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी स्थितीत मागे ठेवले. तीमथ्याला वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी त्याने थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला, आणि स्वतःच्या शरीरातील काटा निघावा म्हणून तीनदा विनंती करूनही तो काटा निघाला नाही. यांपैकी एकाही ठिकाणी विश्वास उणा पडला असे शास्त्र म्हणत नाही. दुःखिताच्या घरी बसून त्याच्याच माथी दोष मारण्याचे काम ईयोबाच्या मित्रांनी केले होते, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप ईयोबावर नव्हे, त्या मित्रांवर झाला. तुमच्या गटातील मंडळींनी ईयोबाचा ४२ वा अध्याय वाचावा अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

आता त्या वचनाकडे वळू. ते एका पत्रातले आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूदाचा राजा यहोयाखीन याच्यासह यरुशलेमेतील हजारो लोकांना बाबेलास नेले, आणि यरुशलेमेत राहिलेल्या यिर्मया संदेष्ट्याने त्या बंदिवानांना ते लिहिले. त्या काळात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगत होता की दोन वर्षांच्या आत सगळे परत येतील, आणि लोकांना तेच ऐकायचे होते. यिर्मयाने मात्र लिहिले की घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, कारण बाबेलाची सत्तर वर्षे भरल्यावरच परमेश्वर तुम्हांला परत आणील. ही सत्तर वर्षे दहाव्या वचनात आहेत आणि हिताचे संकल्प अकराव्यात आहेत. चिठ्ठीवर छापले जाते ते फक्त अकरावे. ते पत्र ज्यांच्यापुढे वाचले गेले त्यांतील बहुतेक मोठी माणसे बाबेलातच मरणार होती, आणि हे त्यांना पत्रातूनच कळत होते. इ.स.पू. ५३८ मध्ये पारसाच्या कोरेश राजाने परतण्याची मोकळीक दिली तेव्हा जे निघाले त्यांत मुख्यतः त्यांची मुले आणि नातवंडे होती. तरीही ‘तुमच्याविषयी’ हा शब्द त्या मरणाऱ्यांनाच उद्देशून लिहिलेला आहे. म्हणजे ज्याला वचन दिले तो ते फळास येण्याआधी मरण पावला, एवढ्यावरून वचन मोडले असे यिर्मया समजत नव्हता.

हे पटणे अवघड आहे, आणि म्हणून अब्राहामाची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो. तो ७५ वर्षांचा असताना हारान सोडून निघाला. देवाने त्याला संतती आणि देश या दोन्ही गोष्टी देऊ केल्या होत्या. इसहाक जन्मला तेव्हा अब्राहाम १०० वर्षांचा होता, म्हणजे पहिल्या अभिवचनासाठीच २५ वर्षे गेली. देश तर त्याच्या हयातीत मिळालाच नाही. सारा १२७ वर्षांची होऊन हेब्रोनात वारली, त्या दिवशी ज्याला अवघा कनान देश कबूल केलेला होता त्याच्याकडे बायकोला पुरण्याइतकीही जमीन नव्हती. उत्पत्तीचा २३ वा अध्याय या एकाच व्यवहाराला वाहिलेला आहे. अब्राहाम मृत पत्नीजवळून उठतो, हित्ती लोकांपुढे जाऊन सांगतो की मी तुमच्यात परका व उपरा आहे, मला पुरण्यासाठी जागा द्या. एफ्रोन आधी ती फुकट देऊ करतो आणि मग बोलता बोलता चारशे शेकेल रुपे ही किंमत सांगतो, आणि अब्राहाम घासाघीस न करता ते रुपे सर्वांदेखत तोलून देतो. मकपेलाची ती गुहा आणि तिच्याभोवतीचे शेत, एवढीच अभिवचनाच्या देशातील त्याच्या मालकीची जमीन. तुम्ही शिवडीत उभ्या होता त्या दिवशी तुम्ही या माणसाच्या अगदी जवळ होता, असे मला मनापासून वाटते.

पुढे त्याच गुहेत अब्राहामाला पुरले, मग इसहाक व रिबका यांना, मग लेआला. याकोब मिसर देशात, आपला मुलगा योसेफ याच्या राज्यकारभारात, सुखाने राहत होता. तरी मरताना त्याने मुलांना बजावले की मला इथे पुरू नका, मकपेलात न्या. योसेफाने तर आपल्या अस्थी बरोबर नेण्याची शपथ घ्यायला लावली, आणि मोशे मिसरातून निघाला तेव्हा त्या त्याच्याबरोबर होत्या. पिढ्यान्‌पिढ्या हे लोक आपले मृतदेह त्या जमिनीत ठेवत गेले, जी त्यांना अजून मिळालेली नव्हती. इब्री लोकांस पत्राचा लेखक त्यांच्याविषयी म्हणतो की अभिवचनांची फळे हाती न लागता, ती दुरून पाहून व त्यांना वंदन करून, ते विश्वासात मेले. त्यांच्या विश्वासाची उणीव काढणे दूरच, त्याच विश्वासाची साक्ष म्हणून त्याने त्यांची नावे नोंदली आहेत.

पण नुसती पुढच्या पिढीची आशा तुमच्या मुलाला पुरणार नाही, हे मी जाणतो. त्याचे वडील गेले आहेत. त्याला मार्क १२ मधील सदूक्यांबरोबरचा संवाद वाचून दाखवा. पुनरुत्थान नाही असे मानणाऱ्या सदूक्यांना प्रभू येशूने, देव मोशेशी जळत्या झुडपातून बोलला त्या प्रकरणातले एक वाक्य ऐकवले : मी अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव व याकोबाचा देव आहे. झुडपातून हे शब्द आले तेव्हा ते तिघेही शेकडो वर्षे मकपेलाच्या गुहेत होते. देवाने त्यांच्याशी करार केला आहे, त्यांचे नाव त्याने आपल्या नावाला जोडून घेतले आहे, आणि करार करणारा जिवंत असताना ज्यांच्याशी तो झाला ते कायमचे मातीत राहिले तर शपथ खोटी ठरेल. म्हणून प्रभू म्हणतो की तो मृतांचा नव्हे, जिवंतांचा देव आहे. मेलेले उठतील याचे प्रमाण त्याने देवाच्या करारनिष्ठेत दाखवले, ही गोष्ट आपल्या प्रवचनांतून फार कमी वेळा सांगितली जाते. ख्रिस्ती विश्वासात हे प्रमाण प्रभूच्या स्वतःच्या पुनरुत्थानाने पक्के झाले आहे, आणि पौल २ करिंथ १:२० मध्ये देवाच्या सर्व अभिवचनांचा होकार ख्रिस्तात आहे असे म्हणतो तो याच आधारावर. तुमच्या यजमानांशी केलेला करार पावसाळ्यात संपला नाही. त्यांना उठवण्याची जबाबदारी अजून देवावर आहे, आणि ती त्याने स्वतः पत्करलेली आहे.

मुलाने विचारलेला प्रश्न दाबू नका. ८९ वे स्तोत्र पूर्ण वाचा. त्याचा पहिला मोठा भाग दावीदाशी केलेल्या कराराचे आणि देवाच्या विश्वासूपणाचे स्तवन आहे, आणि मग एकाएकी स्तोत्रकर्ता देवालाच म्हणतो की तू आपल्या सेवकाशी केलेला करार झिडकारला आहेस, त्याचा मुकुट धुळीत टाकला आहेस. तुझ्या पूर्वीच्या दयेचे काय झाले, असे विचारून ते गाऱ्हाणे संपते आणि त्याला स्तोत्रात उत्तर मिळत नाही. हे गाऱ्हाणे उपासनेच्या पुस्तकात ठेवलेले आहे. जो देवाला त्याच्या शपथेची आठवण देतो तो अविश्वासी नसतो. शपथ झाली होती हे त्याला मान्य असते म्हणूनच तो भांडतो.

वचनांच्या चिठ्ठ्यांविषयी एवढेच म्हणेन की ही प्रथा प्रेमाने चालू झाली आहे, पण एक ओळ कापून हाती देताना ती कोणाला, केव्हा व कशासाठी लिहिली हे सांगण्याची जबाबदारी पाळकांची आहे. निदान मागच्या बाजूला पूर्ण उतारा छापावा.

प्रश्न : मी मेथडिस्ट मंडळीचा सभासद आहे. दर वर्षाच्या सुरुवातीला आम्ही करार-उपासनेत स्वतःला नव्याने देवाला वाहून घेतो. माझा तो संकल्प फार दिवस टिकत नाही. बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायात करार मोडणाऱ्यांसाठी जे शाप लिहिले आहेत ते वाचून भीती वाटते, आणि २ तीमथ्य २:१३ वाचून वाटते की काही बिघडत नाही. यांतले खरे काय मानावे?
— एक तरुण वाचक, विक्रोळी

उत्तर : मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी ही उपासना १७५५ मध्ये लंडनमध्ये सुरू केली, आणि तिचा मजकूर त्यांनी आधीच्या प्युरिटन (इंग्लंडमधील कडक सुधारणावादी ख्रिस्ती) लेखकांकडून घेतला होता. ती दर वर्षी करायची ठेवली, यावरूनच दिसते की माणूस शब्द पाळण्यात कमी पडतो हे त्या परंपरेला ठाऊक आहे.

मुंबईत भाड्याने राहणाऱ्यांना अकरा महिन्यांचा करारनामा चांगला परिचयाचा आहे : दोन्ही पक्षांच्या अटी, दोघांच्या सह्या, एकाने अट मोडली की दुसरा मोकळा. आपण देवाच्या कराराचाही नकळत असाच विचार करतो, आणि म्हणून आपली चूक झाली की तो आता मोकळा झाला असे आपल्याला वाटते. उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात जे घडले ते याहून फार वेगळे आहे. अब्रामाने (अब्राहामाचे हे आधीचे नाव) देवाच्या सांगण्यावरून तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी व तीन वर्षांचा एडका घेऊन ती जनावरे मधोमध चिरली आणि अर्धे भाग समोरासमोर ठेवले. त्या काळी करार करणारे अशा तुकड्यांमधून चालत जात, आणि त्याचा अर्थ असा की मी शब्द मोडला तर माझी दशा या जनावरासारखी होवो. यिर्मयाच्या ३४ व्या अध्यायात वासरू चिरून त्याच्यामधून गेलेल्या यहूदाच्या सरदारांना नेमकी हीच शिक्षा सांगितली आहे. पण सूर्य मावळू लागला तेव्हा अब्रामाला गाढ झोप लागली. काळोख पडल्यावर त्या तुकड्यांमधून धुमसणारी भट्टी व जळती मशाल ही देवाच्या उपस्थितीची चिन्हे गेली. अब्राम गेला नाही. त्याला जाण्यास सांगितलेही नाही. शपथेचा सारा भार देवाने एकट्याने आपल्यावर घेतला.

अनुवादातील शाप सीनाय पर्वतावरील नियमशास्त्राच्या करारातले आहेत, आणि ते खोटे नव्हते; यरुशलेम पडले, मंदिर जळले, लोक बंदिवासात गेले. पौल गलतीकरांना लिहितो की ४३० वर्षांनंतर आलेले नियमशास्त्र अब्राहामाला आधी दिलेल्या अभिवचनाला रद्द करू शकत नाही. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की तुम्हांला पडलेला पेच उलगडू लागतो. लेवीयाच्या २६ व्या अध्यायात तर शापांची लांबलचक यादी झाल्यावर परमेश्वर म्हणतो की ते शत्रूंच्या देशात असतील तेव्हाही मी त्यांचा समूळ नाश करून माझा करार मोडणार नाही. शिक्षा करारातली आहे. ज्याच्याशी आपले काही नाते नाही त्याला कोणी शिस्त लावायला जात नाही, आणि आमोस ३:२ मध्ये देव हेच बोलतो : मी केवळ तुम्हांलाच ओळखले, म्हणून तुमच्या अपराधांचा जाब तुम्हांला विचारीन.

म्हणून तुमची भीती अगदीच निराधार नाही, आणि काही बिघडत नाही हा निष्कर्ष मात्र चूक आहे. २ तीमथ्य २:१३ सांगते की आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो, कारण तो स्वतःला नाकारू शकत नाही. त्याच्या लगेच आधीचे वचन सांगते की आपण त्याला नाकारले तर तोही आपल्याला नाकारील. दुबळेपणाने पडणे आणि पाठ फिरवून निघून जाणे यांत पौल फरक करतो. तुम्ही पहिल्या प्रकारातले आहात असे तुमच्या पत्रावरून स्पष्ट दिसते, कारण दुसऱ्या प्रकारचा माणूस असे पत्र लिहीत नाही.

यिर्मयाने ३१ व्या अध्यायात नव्या कराराचे अभिवचन दिले तेव्हा जुना करार लोकांनी मोडला आहे हे उघडपणे म्हटले, आणि तरीही पुढे देव आपले नियम त्यांच्या हृदयावर लिहील असे सांगितले. ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आले त्या रात्री त्याने प्याला घेऊन तो आपल्या रक्तातील नवा करार असल्याचे म्हटले. चिरलेल्या तुकड्यांमधून देव एकटा गेला होता. मोडलेल्या कराराची किंमत वधस्तंभावर भरली गेली तीही एकट्या त्याच्याकडूनच, हे मी ख्रिस्ती विश्वासाचे मर्म मानतो. पुढच्या वर्षी करार-उपासनेला जाल तेव्हा स्वतःच्या निश्चयाचा हिशेब मांडण्यात वेळ घालवू नका. प्रभुभोजनाच्या मेजाजवळ जा आणि तिथे काय दिले जाते ते घ्या. टिकण्याचे बळ तिथून येते.

प्रश्न : आमच्या शेजारी एक बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहूदी, कुटुंब राहते. त्यांनी नव्या घरात मलिद्याचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या स्मरणाचा, विधी ठेवला असून आम्हांला बोलावले आहे. आमच्या मंडळीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांचे म्हणणे आहे की यहूदी लोकांचा करार देवाने रद्द करून तो मंडळीला दिला, तेव्हा तिथे जाऊन मलिदा खाणे योग्य नाही. आपले मत कळवावे.
— एक वाचक, भायखळा

उत्तर : त्या गृहस्थांचा वयाने मान राखून सांगतो की रोमकरांस पत्राचे ११ वे प्रकरण त्यांच्या म्हणण्याच्या विरुद्ध आहे. देवाने आपल्या लोकांचा त्याग केला आहे काय, असे पौल तिथे विचारतो आणि ‘कधीच नाही’ असे उत्तर देतो. नवव्या अध्यायात करार व अभिवचने त्यांची आहेत असे तो म्हणतो, आणि पुढे म्हणतो की देवाला आपल्या कृपादानांचा व पाचारणाचा अनुताप होत नाही. आपण परराष्ट्रीय विश्वासणारे या जैतून झाडावर कलम केलेल्या रानटी फांद्या आहोत, तेव्हा मूळच्या फांद्यांपुढे बढाई मारू नका, मूळ तुम्हांला उचलून धरते, ही पौलाची स्पष्ट ताकीद आहे.

मला यातील व्यवहार्य मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो. अब्राहामाच्या वंशाला शपथेवर दिलेला शब्द देव मागे घेऊ शकत असेल, तर आपल्याला ख्रिस्तात दिलेला शब्द तो मागे घेणार नाही असे आपण कशाच्या बळावर म्हणतो? नवा करारसुद्धा यिर्मयाच्या शब्दांत इस्राएलाच्या व यहूदाच्या घराण्याशीच केलेला आहे, आणि आपण त्यात बाहेरून आलो आहोत. इब्री लोकांस पत्राच्या आठव्या अध्यायात पहिला करार जुना झाल्याचे म्हटले आहे हे खरे; पण तिथे चर्चा याजकपण व यज्ञ यांची आहे, अब्राहामाला दिलेल्या शपथेची नाही, आणि त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात ती शपथ अढळ असल्याचे सांगितले आहे. कॅथलिक ख्रिस्तसभेने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६५ साली यहूदी लोकांविषयी जी भूमिका जाहीर केली तिचाही आधार रोमकरांस पत्राचा हाच भाग होता. ख्रिस्ताची साक्ष आपण यहूदी शेजाऱ्यांना द्यावी की नाही आणि कशी, यावर ख्रिस्ती लोकांत मतभेद आहेत. तुच्छतेने देऊ नये, यावर ते नसावेत. आणि आजच्या कोणत्याही सरकारच्या धोरणाचे समर्थन या वचनांतून काढणे हा निराळाच विषय आहे, तो इथे आणू नये.

बेने इस्राएल आपल्याला परके नाहीत. कोकणात तेल गाळणारे आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांची मातृभाषा मराठी आहे, आणि गावांवरून आलेली त्यांची आडनावे आपल्यासारखीच आहेत. मांडवी भागातील शार हारहमीम हे त्यांचे सभास्थान सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये उभारले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाल्याबद्दल त्यांनी ते बांधले असे त्या समाजात सांगतात. एकोणिसाव्या शतकात मुंबईत आलेल्या मिशनरींच्या मराठी शाळांतून त्यांची मुले शिकली, आणि त्या मिशनरींपैकी जॉन विल्सन यांनी मराठीतून इब्री भाषेचे व्याकरण लिहिले. इस्राएलाशी केलेला करार हा विषय आपल्याला पुस्तकातून समजावून घ्यावा लागतो. तुमच्या मजल्यावर तो पाळणारे कुटुंब राहते आणि तुम्हांला जेवायला बोलावते, याला मी सद्भाग्य म्हणेन.

मलिद्यात भिजवलेले गोड पोहे, खोबरे आणि फळे ताटात मांडून एलिया संदेष्ट्याचे स्मरण करीत इब्री भाषेत स्तवन होते. हाच एलिया मलाखीच्या शेवटच्या वचनांत आहे आणि रूपांतराच्या डोंगरावर प्रभूशी बोलताना आपल्या शुभवर्तमानांतही आहे. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाविषयी पौलाने करिंथकरांना जे लिहिले तो प्रश्न इथे उद्भवत नाही, कारण प्रार्थना इस्राएलाच्या देवालाच केली जाते. निःसंकोच जा, यजमानांना विधीचा अर्थ विचारा, आणि ताट पुढे आले की खा.